माळकरी घर आणि कोकण-कोल्हापूरची पोरं: शिबिराच्या स्वयंपाकाच्या नोंदी

२८ नोव्हेंबर २०२४

शिबिर नक्की झालं. ५ ते १३ जानेवारी. चावंड किल्ल्याच्या वाटेची डागडुजी, टाक्यांभोवतीची झुडपं काढणं, गडावरचं प्लास्टिक वेचून खाली आणणं. मुलं-मुली मिळून ३४, वय सोळा ते एकवीस. निम्मी सिंधुदुर्गातली, निम्मी कोल्हापूर आणि कागलकडची. सोबत चार मोठी माणसं. उतरायला आणि जेवायला जुन्नरजवळचा आमचा वाडा.

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या माळ आहे. आमच्या चुलीवर मांस, मासळी, अंडं येत नाही. माझं माहेर गडहिंग्लजकडचं, तिथे रविवार म्हणजे मटण. त्यामुळे या पोरांना ताटात नेमकं काय चुकल्यासारखं वाटेल हे मला कोणी सांगायला नको. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शिबिर भरवणाऱ्या संस्थेला पहिल्याच फोनवर घरची रीत सांगितली आणि मुलांच्या पालकांनाही ती आधी कळवायला लावली. पाहुण्याला उंबऱ्यात आल्यावर नियम सांगणं त्यांना पटत नाही.

संस्थेकडून नमुन्याचा मेन्यू आला. रोज पनीर, एकदा मंचुरियन, दोनदा सोयाबीनच्या वड्यांचं 'मटण'. मी नाही म्हणून कळवलं. ज्या पोरानं लहानपणापासून खरं मटण खाल्लंय, तो सोयाबीनच्या वडीला पहिल्या घासातच मटणाशी तोलणार आणि ती उणी ठरणार. मग बाकीचं ताट चांगलं असूनही जेवण फसलं असंच त्याला वाटत राहणार. सोयाबीन वाईट नाही. पण त्याला त्याच्या नावानं वाढावं.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्या मुलखात झणझणीत, दमदार, बिनमांसाचं जेवण आधीपासून आहे. या पोरांना तेच वाढायचं, आणि पुरेसं वाढायचं.

४ डिसेंबर

यादी करायला बसले. मांस खाणाऱ्याला जेवणात काय लागतं ते आधी लिहून काढलं. भाजलेल्या वाटणाचा वास. वर तरंगणारं तेल. दाताखाली काहीतरी चावायला. हातानं सोडवून, चोखून खायला काहीतरी. आणि पोट भरल्यावर तीन-चार तास भूक न लागणं. यातली एकही गोष्ट फक्त मांसातच असते असं नाही.

वास आणि तर्री वाटणातून येते. चावायला अख्खा मसूर, मटकी, पावटा, मासवडी. चोखायला शेवग्याच्या शेंगा, आणि त्या रश्श्यात भरपूर टाकायच्या, प्रत्येकाच्या वाटीत पाच-सहा तुकडे तरी आले पाहिजेत. टिकून राहायला बाजरी, शेंगदाणे, तूप, गूळ.

फ्लॉवर-बटाटा, दुधी, कोबी हे सगळं यादीतून काढलं. एरवी मीही आवडीनं करते, पण गड चढून आलेल्या विशीच्या पोरापुढे पाणचट फ्लॉवर आणि दोन पोळ्या ठेवल्या तर शाकाहार म्हणजे आजाऱ्याचं खाणं असं त्याचं मत होणारच.

१२ डिसेंबर

पालकांपैकी एका आईचा फोन. मुलगा तालमीत जातो, त्याच्या अंगाला लागेल ना? प्रश्न रास्त आहे, म्हणून कागदावर हिशोब मांडला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम आणि बाईला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. माणशी ६० ग्रॅम मसूर धरला तर त्यातून १४-१५ ग्रॅम. बाजरीच्या तीन भाकरी म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम पीठ, त्यातून २४ च्या आसपास. मूठभर शेंगदाण्यांतून ७, पाव लिटर दुधातून ८. चौपन्न इथेच झाले. सकाळची मटकी आणि दुपारचं दही अजून धरलेलंच नाही. तालमीतल्या मुलाला यापेक्षा जास्त लागणार, म्हणून त्याला रोज वेगळे भिजवलेले हरभरे आणि जादा दूध. आईला हे आकडे सांगितले. त्या म्हणाल्या, भाकरी खाईल का पण तो? म्हटलं, गड चढून उतरू द्या.

१९ डिसेंबर

चाचणीचा स्वयंपाक. बचत गटातल्या चौघी आल्या. मासवडी आणि रस्सा.

मासवडी आमच्या जुन्नर-आंबेगावची. करायला वेळखाऊ, म्हणून हल्ली घरोघरी कमी होते आणि ढाब्यांवर जास्त मिळते. लसूण-हिंगाची फोडणी, हळद, मीठ, पाण्याला खळखळून उकळी, मग बेसन घेरायचं. घेरताना हात थांबला की गुठळी झालीच. दणकून वाफ आली की ओल्या सुती फडक्यावर पीठ गरम असतानाच पातळ थापायचं. आत भाजलेलं खोबरं, तीळ, परतलेला कांदा, लसूण, कोथिंबीर. फडक्याच्या आधारानं घडी घालायची, दोन्ही कडा दाबायच्या. मधे उंचवटा आणि दोन्ही बाजूंना उतार असा लांब आकार आला की सुरीनं वड्या पाडायच्या. गटातल्या सगळ्यांत वयस्कर मावशींच्या हातची घडी अशी बसते की कापताना तिळाचा एक दाणा बाहेर येत नाही. शिबिरात घडी त्यांनीच घालायची असं ठरलं. ३८ माणसांना चार किलो बेसन.

रश्श्याचं वाटण मिक्सरवर चालेल, पण भाजणं चुलीवरच. कांदे सालीसकट आरात टाकायचे, वरची साल कोळसा झाली की आतला कांदा मऊ आणि गोडसर होतो. खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून थेट जाळावर. गॅसवर कढईत भाजलेल्या खोबऱ्याला तो धुरकट वास येत नाही, आणि याच वासानं मटण खाणाऱ्याची भूक चाळवते. मसाल्याला तेल सुटलं की उकळतं पाणी ओतायचं, गार ओतलं की तर्री बसते. शेवटी येसूर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, लावायचा.

गटातल्या धाकटीनं विचारलं, पोरांना सोसेल का एवढं तिखट? कोल्हापूरच्यांची मला काळजी नाही. कोकणातल्यांना मिरचीपेक्षा ओलं खोबरं आणि आंबट हवं. म्हणून रोज एक जादा पातेलं नारळाच्या रसाचं, कमी तिखट.

३ जानेवारी २०२५

किराणा भरला. बाजरी ७० किलो, दळण दोन टप्प्यांत, कारण बाजरीचं पीठ लवकर कडू होतं. तांदूळ ४० किलो (कोकणातल्या मुलांना भात लागतोच, भाकरीवर भागवायचं नाही). मसूर, मटकी, काळे वाटाणे, पावटा, शेंगदाणे. गूळ दोन ढेपा. सुरण बाजारातून शोधून आणला.

भाकरीच्या बायकांची मजुरी आधीच ठरवून निम्मी दिली. एका जेवणाला सव्वाशे भाकरी थापायच्या हे मोठं काम आहे. शाकाहारी जेवण स्वस्त पडतं असं संस्थेनं गृहीत धरलं होतं. धान्य स्वस्त पडतं, हात स्वस्त पडत नाहीत. हे त्यांना लिहून दिलं आणि त्यांनी तेवढे पैसे वाढवून दिले.

५ जानेवारी

मंडळी संध्याकाळी पोचली. रात्री पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा, दही, भात. थकलेल्या माणसाला पहिल्या रात्री यापेक्षा वेगळं काही देऊ नये.

जेवणाआधी अण्णा दोनच वाक्यं बोलले. "या घरात काय शिजतं ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या घरी तुम्ही काय खाता त्याबद्दल इथे कोणी काही बोलणार नाही." मग बोला पुंडलिक वरदे, आणि जेवायला सुरुवात. गटातल्या एक जणी नंतर मला म्हणाल्या, माळेचं महत्त्व सांगायला हवं होतं. मला ते पटत नाही. ताट पुढे असलेल्या माणसाला उपदेश केला की त्याला आपल्या घरच्या जेवणाची लाज वाटायला लावल्यासारखं होतं. आणि ही पोरं ज्या घरांतून आलीत त्यांतल्या कित्येकांचं पोट समुद्रावर चालतं.

६ जानेवारी

गडाचा पहिला दिवस. इंग्रजांनी १८१८ मध्ये इथल्या पायऱ्या उद्ध्वस्त केल्या, त्यामुळे वरचा टप्पा आजही कातळातल्या खोबण्या आणि रेलिंग धरून चढावा लागतो. वर डबे नेणं अवघड. दुपारसाठी प्रत्येकाच्या फडक्यात दोन भाकरी, शेंगदाण्याची ओलसर चटणी, गुळाचा खडा, कांदा आणि तिखट-मीठ लावलेले उकडलेले हरभरे. सप्तमातृका टाक्यांपाशी बसून जेवले. एकाही फडक्यात काही परत आलं नाही, म्हणजे बरोबर चाललंय.

रात्री अख्खा मसूर. कऱ्हाड-इस्लामपूरच्या ढाब्यांवर करतात तसा, घट्ट, कांदा-लसूण मसाल्यावर. कागलचा एक मुलगा दोनदा तर्री मागून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा कपाळावर घाम. "काकू, लई जाळ लागतोय, खरं सोडवत न्हाई."

कोकणातल्या मुली मात्र मोजकंच जेवल्या. विचारल्यावर आधी काही सांगेनात, मग एक जण म्हणाली, "काकी, बरां हा सगळां, पण आंबट कायच नाय." सोलं आणलेली नव्हती. तिच्या पिशवीत घरून आमच्यासाठी भेट म्हणून दिलेली आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली होती. ती लगेच उघडायला लावली. उद्यापासून रोज सोलकढी.

७ जानेवारी

चार मुलं रात्री फाट्यावर जाऊन अंडाभुर्जी खाऊन आली. सोबतच्या मोठ्या माणसांपैकी एकाला राग आला, सगळ्यांसमोर झापायचं म्हणत होता. अण्णांनी अडवलं. ते म्हणाले, घराबाहेर कोणी काय खावं यावर आपला अधिकार नाही. रात्री रस्त्यानं न सांगता गेली, तेवढ्यापुरतंच बोला. तसंच झालं. एकानं कारण सांगितलं, जेवण आवडत नाही असं नाही, रोज दोन अंडी खायची सवय आहे. तालमीतला तोच.

मला यातून स्वयंपाकाचंही एक समजलं. ही मुलं साडेआठला जेवतात आणि बारापर्यंत गप्पा मारतात. रात्री दहाला परत भूक लागते. आजपासून साडेनऊला गरम दूध, दाण्याचे लाडू आणि एका टोपलीत उकडलेली रताळी अंगणात ठेवली. टोपली सकाळी रिकामी असते. फाट्याकडे त्यानंतर कोणी गेलं नाही, निदान आम्हाला तरी कळलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.

८ जानेवारी

मासवडी. चौघींनी पहाटेपासून घेतलं. गरम रश्श्यात वडी बुडवली की बाहेरचं बेसन रस पितं आणि आतलं तीळ-खोबरं कुरकुरीतच राहतं. पोरं आधी सावध होती, पहिली वडी बोटांत धरून उलटीपालटी केली. मग पातेली खरवडली. कोल्हापूरची एक मुलगी मावशींच्या शेजारी जाऊन बसली आणि कृती फोनवर बोलून घेतली, आजीला पाठवायला. मावशींना स्वतःची कृती कोणी अशी उतरवून घेतल्याचं फार अप्रूप वाटलं. मलाही.

आणे गाव इथून फार लांब नाही. तिथे रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला हजारो माणसं आमटी-भाकरीवर तृप्त होऊन उठतात. मासवडीच्या रश्श्याचा आणि त्या आमटीचा मसाला नात्यातला. नुसत्या डाळीची आमटी एवढा समुदाय आवडीनं, वाट बघून खातो, हे मी मुलांना सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, तर्री असते का तिला? असते तर.

९ जानेवारी

आज चूल कोकणाकडे. मुलांनीच मागितली. अण्णांची परवानगी घ्यायला दोघे गेले, काय काय करणार ते पदार्थांच्या नावांसकट सांगून आले.

काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, सुरणाची कापं, भात, सोलकढी. वेंगुर्ल्याच्या एका मुलानं सगळ्यांना कामाला लावलं. "सुरणाक आधी आगळ लावूक होया, नायतर घसो खाजतलो." सुरणाचे बोटभर जाड काप, आगळ-मीठ-हळद-मालवणी मसाला चोळून अर्धा तास ठेवले. मग तांदळाचं पीठ आणि रवा एकत्र करून त्यात घोळवले आणि लोखंडी तव्यावर भरपूर तेलात. सुरमईची तुकडी घरी अशीच तळतात. मी कडेला उभी राहून पाहत होते. तो काप तव्यावर सोडताना तळहातानं हलकेच दाबत होता, कड वर उचलली जाऊ नये म्हणून. आईला बघून शिकलो म्हणाला.

मी विचारलं, हे मासे नसताना करता का? तो म्हणाला, "काकी, आमच्याकडे सोमवार, गुरुवार शिवराकच असता." श्रावण, गणपती, संकष्टी, देवीचे दिवस वेगळेच. म्हणजे ज्यांना आपण मासेखाऊ म्हणून ओळखतो त्यांच्या घरात बिनमासळीच्या जेवणाची इतकी जुनी आणि पक्की रीत आहे. पाहुण्यांना काय वाढू म्हणून मी महिनाभर डोकं चालवत होते, त्याचं निम्मं उत्तर त्यांच्याच घरी होतं. पुढच्या खेपेला मेन्यू करण्याआधी मुलांना एकच प्रश्न पाठवायचा: तुमच्या घरी शिवराक दिवशी काय करतात?

सासूबाई सहसा घरच्यांच्याच हातचं खातात. आज त्यांनी सुरणाची दोन कापं मागून घेतली.

१० जानेवारी

एकादशी. घरच्यांना उपास. मुलांसाठी कांदा-लसूण न घालता मुगाची आमटी, भात, भाकरी. कोणाला उपासाचं हवं असेल तर भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. दाण्याची आमटी इतकी खपली की घरच्यांना पुन्हा करावी लागली. भाजलेल्या दाण्याचं कूट, जिरं, हिरवी मिरची, कोकम, तूप. तुपाची फोडणी आणि दाण्याचं तेल, दोन्ही असल्यावर कोणाला काही कमी वाटत नाही.

संध्याकाळी हरिपाठ. यायचं बंधन नव्हतं. काही आली, काही अंगणात पत्ते खेळत बसली.

११ जानेवारी

हुरडा. नगरच्या बाजूच्या पाहुण्यांनी कोवळी कणसं पाठवली. शेतात आगटी केली, गोवऱ्यांवर कणसं भाजली, गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे. लसणाची चटणी, दही, गूळ, बोरं. निखाऱ्यात वांगी, बटाटे, रताळी पुरली. वांग्याचं भरीत तिथेच दगडावर कांदापात आणि कच्चं तेल घालून.

जाळाभोवती बसून भाजून खाणं या वयाला मनापासून आवडतं, त्यात काय भाजतोय हा प्रश्न मागे पडतो. रायगडकडची पोपटी कोणाला तरी आठवली, वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात शिजवतात ती. त्यात अंडी-कोंबडी घालतात, पण शेंगा, कांदे, बटाटे, कणगरं घालूनही होते. भांबुर्डा आमच्या बांधावर उगवतो. पुढच्या वर्षीसाठी मडकी सांगून ठेवायची.

१३ जानेवारी

भोगी. शेवटचं जेवण. वांगं, गाजर, ओला हरभरा, पावटा, घेवडा, बोरं, शेंगदाणे, वर तिळाचं कूट. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, मुगाची खिचडी. न खाई भोगी तो सदा रोगी, असं सासूबाई वाढताना म्हणत होत्या. भाजीत बोरं का, असं एकानं विचारलं आणि मग बिया चोखत बसला.

निघताना कोल्हापूरच्या मुलांनी मला गडहिंग्लजला कधी येणार ते विचारलं, येताना घरी या म्हणाले, आम्ही मटण करू. मी म्हटलं, मी आता खात नाही, पण रश्श्याचं वाटण तुमच्या आईकडून शिकायला येईन. लगेच कबूल.

१८ जानेवारी

हिशोब आणि पुढच्या तुकडीसाठी.

बाजरी उरली नाही, तांदूळ कमी पडला, आठ किलो मधेच आणावा लागला. कोकणातली मुलं असली की माणशी दीडपट तांदूळ धरायचा. अन्न जवळजवळ वाया गेलं नाही. एकच दिवस, सात तारखेला सकाळी, उपमा बराच उरला, तो बदलून मटकीची उसळ-पाव केला.

आगळ दोन बाटल्या आणि तिरफळं मालवणहून मागवायची. वेंगुर्ल्याच्या मुलाची आई पाठवणार आहे, पैसे आधी द्यायचे. डाळीच्या आमटीत तिरफळ घालून बघायचंय.

शेवग्याच्या शेंगा महाग मिळाल्या. परड्यात दोन झाडं लावायची.

रात्रीचं दूध-लाडू पहिल्या दिवसापासून. भाकरीच्या बायका पाच हव्यात, चौघींची फार ओढाताण झाली. मजुरी सगळी चुकती केली, मावशींना मासवडीच्या दिवसाची वेगळी दिली.

फेब्रुवारीत वसईची तुकडी येतेय. त्यांना शिवराक दिवसाचा प्रश्न आजच पाठवला, सोबत हेही विचारलं की लेंटच्या, म्हणजे ख्रिस्ती उपवासाच्या, दिवसांत शुक्रवारी घरी काय शिजतं.